तुम्ही विचारलंत म्हणून: जाम झालेला ब्लीडर

“ब्लीडर जाम झालाय, कुठला स्प्रे मारू?” ब्लीडर म्हणजे कॅलिपरवरचा छोटा स्क्रू, तो सैल करून जुनं ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर काढतात; कॅलिपर म्हणजे पिस्टनने ब्रेक पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग. कॅलिपर घरी खोलणारा प्रत्येक जण मला हे विचारतो, आणि स्प्रेचं नाव कळलं की पुढचं ऐकायला थांबत नाही. म्हणून एकदा सगळं लिहितो. गंज सोडवणारा कुठलाही बरा स्प्रे चालतो. त्याला रात्रभर मुरायला वेळ द्यायचा, सकाळी परत मारायचा. नुसत्या स्प्रेने निघणारा ब्लीडर मुळात जाम झालेलाच नसतो.

अडचण त्या स्क्रूच्या घडणीतच आहे. ब्लीडर आतून पोकळ असतो, टोकाजवळ त्याला आडवं भोक असतं, आणि भोवतीचा पत्रा अगदी पातळ. शिवाय ब्रेक ऑइल अडवतं ते त्याचं निमुळतं टोक. आटे काही अडवत नाहीत. वरची रबरी टोपी हरवली की पावसाचं पाणी सरळ आट्यांत उतरतं. आमच्याकडे रत्नागिरीत त्यात खारा वारा. तेवढ्याच जाडीचा भरीव बोल्ट जो जोर सहज सोसतो, त्या जोरावर ब्लीडर पिळवटून तुटतो. म्हणून मी पाइप घालून पाना लांब करू देत नाही. लोकांना हा माझा हट्ट वाटतो.

कॅलिपर गाडीवर असतानाच ब्लीडर आणि होजचा (ब्रेक ऑइल आणणाऱ्या रबरी नळीचा) बोल्ट सैल करून घ्या. बाकावर कॅलिपर धरायलाच दुसरा माणूस लागतो. पिस्टन अडकला असेल तर होज सोडायच्या आधी पेडल दाबून बाहेर आणा, बोटं मध्ये न घालता. सॉकेट सहा कोनीच हवा, बारा कोनी कडा खातो. ब्लीडरच्या भोकात बसेल असं जुनं ड्रिल बिट घाला, म्हणजे ठोकताना तो चेपणार नाही, आणि वरून हलके ठोके द्या. आधी केसभर आवळा, मग सोडा. हलला की पुन्हा आवळा, स्प्रे मारा, पुन्हा सोडा. बिडाचा कॅलिपर असेल तर पिस्टन, सील, बूट (पिस्टनवरचं रबरी आवरण) सगळं काढून मग उष्णता द्यायची, तीही ब्लीडरला नाही, त्याच्या भोवतालच्या बिडाला. अल्युमिनियमच्या कॅलिपरला मी आच लावत नाही.

आता डाव्या कॅलिपरबद्दल. वडिलांची जुनी मारुती झेन. गॅरेजच्या बिलावर दर वेळी ‘ब्रेक ऑइल बदललं’ असं लिहिलेलं, आणि ब्लीडरवर गंजाचा थर अखंड. त्याला कधी पाना लागलाच नव्हता. मी हे काम घरी का करतो, याचं उत्तर तिथेच आहे. उजवा ब्लीडर त्रास देत का होईना, निघाला. डाव्याला वर लिहिलेलं सगळं केलं, काहीही गाळलं नाही. पाना फिरला. पण गंज सुटताना जी कुरकुर ऐकू येते, ती आली नाही. हाताला मऊ लागलं. मी तिथेच थांबलो, उलटा फिरवायला गेलो, आणि डोकं हातात आलं. उरलेला भाग बिडाच्या पातळीला सपाट.

शेजारचे काका ईझी-आउट, म्हणजे मोडलेला स्क्रू आतून पकडून काढायचं हत्यार, घेऊन आले. मी नको म्हटलं आणि ते नाराज झाले. ईझी-आउट कडक पोलादाचा. तो आत मोडला तर साध्या ड्रिलने निघत नाही. मी कॅलिपर साबणाच्या पाण्याने धुतला, पूर्ण वाळवला आणि वेल्डरकडे नेला. ब्रेक क्लीनर मुद्दाम वापरला नाही: क्लोरीनवाल्या क्लीनरचा अंश राहिला आणि त्यावर वेल्डिंग झालं तर फॉस्जीन तयार होतो, विषारी वायू. वेल्डरने मोडक्या तुकड्यावर नट जोडला. नट सुटला, त्याने परत जोडला. लाली उतरल्यावर मी पुढे-मागे, पुढे-मागे करत फिरवत राहिलो आणि तो तुकडा बाहेर आला. वेल्डर माझ्याहून जास्त खूश झाला.

मग बॅटरी लावून आत पाहिलं. टोक जिथे बसतं त्या शंकूवर गंजाने खड्डे पाडलेले. आटे शाबूत, बैठक गेलेली. स्क्रू निघाला आणि कॅलिपर गेला.

“मग आधीच नवा का नाही घेतला?” हा तुमचा दुसरा प्रश्न. पूर्वीचा मी म्हणाला असता, नवा ब्लीडर जरा जास्त आवळ, बसेल. त्याचं मी ऐकलं नाही. लहान ब्लीडरला 10 न्यूटन-मीटरच्या आसपासच जोर देतात. त्याहून जास्त आवळून गळती थांबवून वडिलांना गाडीत बसवायचं माझ्याच्याने झालं नाही. पण तुकडा बाहेर आल्याशिवाय ती बैठक दिसली असती का? नाही. बैठक चांगली निघाली असती तर तोच कॅलिपर आणखी कितीतरी वर्षं चालला असता, उजवा चालतोय तसा.

“ब्रेकला घरी हात लावता?” लावतो. सील ब्रेक ऑइलमध्येच भिजवतो; पेट्रोल, डिझेल किंवा साधं ग्रीस लागलं तर ते रबर फुगतं. डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना 205 अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी ओढून घेतल्यावर 140 लाच. म्हणून ते वेळेवर बदलतो, म्हणजे ब्लीडरही उघडला जातो. जोडणी झाली की इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरतो आणि प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून बघतो.

डावीकडे आता नवा कॅलिपर आहे, उजवीकडे जुनाच. माझा भाऊ म्हणतो, जोडीनेच बदलायला हवे होते. त्याचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते का, हे मी दर वेळी बघतो. अजून ओढलेली नाही. आणि चांगला चालणारा कॅलिपर भंगारात द्यायला माझा हात धजत नाही.