तोडक्या जपानीवर बारा दिवस

गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघे बारा दिवस जपानमध्ये होतो. टोकियो, क्योटो, कोयासान आणि ओकायामा असा बेत होता, पर्यटन कंपनी सोबत नव्हती आणि भाषेची शिदोरी म्हणजे निघण्यापूर्वी दोन महिने रोज संध्याकाळी गिरवलेले पाऊणशे शब्द. एवढ्यावर निभावले का, असे परतल्यावर अनेकांनी विचारले. निभावले, पण पहिल्या संध्याकाळी एक धडा घ्यावा लागला.

टोकियोत हॉटेलपासून थोडे भरकटल्यावर मी एका वयस्क गृहस्थांना, पाठ केल्याप्रमाणे स्वच्छ उच्चारात, ‘एकि वा दोको देस का’, म्हणजे स्टेशन कोठे आहे, असे विचारले. माझा उच्चार ऐकून त्यांचा समज झाला असावा की मला भाषा येते, कारण त्यांनी अर्धा मिनिट मन लावून रस्ता समजावला आणि मला त्यातला एकही शब्द कळला नाही. तेव्हापासून आम्ही एकच नियम पाळला: उत्तर कानांनी नव्हे तर डोळ्यांनी घेता येईल असाच प्रश्न विचारायचा. नकाशा पुढे धरून ‘कोको?’ म्हणजे ‘इथे?’ एवढेच म्हटले तर समोरचा माणूस बोट ठेवतो. गाडीची वेळ विचारायची तर वही आणि पेन पुढे करावे, तिकीट खिडकीवरचा कर्मचारी आकडे लिहून देतो. छोटी वही खिशात असली, तर मोबाइलच्या भाषांतर ॲपची निम्मी गरज उरत नाही.

मेट्रोमध्ये तर विचारण्याचीही फारशी वेळ येत नाही. टोकियोतील प्रत्येक मेट्रो स्थानकाला मार्गाचे अक्षर आणि क्रमांक दिलेला आहे. गिन्झा मार्गावर शिबुया म्हणजे जी ०१, गिन्झा जी ०९ आणि आसाकुसा जी १९. आकडे चढते आहेत की उतरते, एवढे पाहिले की उलट दिशेच्या गाडीत बसलो नाही ना, हे पुढच्याच स्थानकावर समजते. खरी कसोटी बाहेर पडताना असते. शिंजुकू स्थानकाला दोनशेहून अधिक बाहेरचे मार्ग आहेत, तेव्हा हॉटेलचा पत्ता घेताना जवळच्या दरवाजाचा क्रमांक किंवा नाव आवर्जून लिहून घ्यावे. ‘बाहेर’ या अर्थाचे चिन्ह एकावर एक ठेवलेल्या दोन डोंगरांसारखे दिसते आणि त्याच्या पुढे एक रिकामा चौकोन असतो. एवढी जोडी ओळखता आली तरी पुष्कळ पायपीट वाचते.

नकार ओळखणे मात्र शिकावे लागते. तोंडावर ‘नाही’ म्हणणे तेथे उद्धटपणाचे वाटते, म्हणून समोरचा माणूस दातांतून हवा ओढत ‘चोत्तो...’ म्हणतो आणि वाक्य अर्धवट सोडतो. शब्दाचा अर्थ ‘जरा’ असला तरी अभिप्राय ‘जमणार नाही’ असाच असतो. आणखी विनवण्या करू नयेत. आपली डावी-उजवीकडे मान डोलावण्याची सवयही आवरावी. तिच्यातून होकार की नकार हे तेथे कोणालाच उमगत नाही.

आता जेवण, कारण आम्ही शाकाहारी आहोत आणि सर्वाधिक फजिती येथेच झाली. मराठी माणसाला जपानी वाक्यरचना आश्चर्य वाटावे इतकी सोपी जाते. क्रियापद शेवटी येते, प्रश्नासाठी आपल्यासारखाच शेवटी ‘का’ लागतो आणि ‘मो’ हा प्रत्यय तंतोतंत आपल्या ‘ही’सारखा नामाला चिकटतो. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’ म्हणजे ‘मांसही, मासेही खात नाही’. हे वाक्य सहलीपूर्वी तोंडपाठ करावे. आम्ही क्योटोत आळसाने फक्त ‘निकु नाशि’, म्हणजे मांसाशिवाय, असे सांगून उदोन, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवया, मागवल्या. वाडगे आले तेव्हा वर फिकट तपकिरी, कागदासारख्या पातळ चकत्या वाफेने हलत होत्या. त्या सुकवलेल्या बोनितो माशाच्या होत्या आणि खालचा रस्साही त्याच माशाच्या ‘दाशि’चा, म्हणजे उकळून काढलेल्या अर्काचा, होता. वाढणाऱ्या मुलीची चूक नव्हती, मांस खरेच नव्हते. पाकिटावरच्या ॲलर्जीच्या सूचनेवरही विसंबू नये, कारण अंडे, दूध, गहू, कोळंबी यांची नोंद तेथे सक्तीची असली तरी मासळीची तशी सक्ती नाही. घटकांची यादी कॅमेऱ्याच्या भाषांतराने पूर्ण वाचावी. घरून नेलेले थेपले आणि मेतकूट पाच दिवस पुरले, हेही कबूल करतो.

कोयासानला मात्र निर्धास्त जेवलो. नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने स्थापलेल्या या डोंगरावरच्या मठांत मुक्काम करता येतो आणि तेथे ‘शोजिन र्योरी’ हे शाकाहारी जेवण देतात. त्यात परंपरेने कांदा-लसूणही नसतो आणि दाशि समुद्री शेवाळाची व मशरूमची असते. आरक्षण आधी करावे आणि दुपारीच पोहोचावे, कारण रात्रीचे जेवण सहाच्या आसपास असते. ओसाकातील नाम्बाहून रेल्वे, मग केबल कार आणि पुढे बस, असा प्रवास आहे. तेथील ओकुनोइनच्या स्मशानात पाच थरांच्या दगडी स्तंभांवर सिद्धम् या मूळ भारतीय लिपीतील बीजाक्षरे कोरलेली आहेत, वरून खाली ख, ह, र, व, अ. बारा दिवसांत फलकावरचे काही आपल्या घरचे वाटले ते तेवढेच.

पैशांविषयी थोडक्यात. सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येन झाला, त्यामुळे आमच्यासारख्या प्रवासाला सुटी तिकिटेच परवडली. तिकिटे यंत्रावर घ्यावीत, तेथे इंग्रजीचे बटण असते. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

शेवटचा मुक्काम ओकायामाला होता. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केले आहे, ती बाग तेथे आहे. तळ्याकाठी बसलेल्या एका आजोबांना मी मोबाइलमधला पुण्याचा फोटो दाखवला आणि ‘इंदो’, म्हणजे भारत, एवढाच शब्द उच्चारला. त्यांनी फोटोतल्या पुलावर बोट ठेवले, मग समोरच्या पुलाकडे दाखवले आणि आपल्या शेजारची जागा थोपटली.