आमची वाटचाल : लाँड्रीपासून टोपीपर्यंत

चिपळूणच्या बाजारपेठेतलं आमचं दुकान मूळचं लाँड्रीचं. बाबांनी ते कोळशाच्या इस्त्रीवर सुरू केलं. लग्नसराईत कोट आणि शालू, एरवी शाळेचे गणवेश. टोप्या दुरुस्त करून आपलं पोट भरेल, असं घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

कोकण रेल्वे सुरू झाली त्या सुमाराची गोष्ट. खेड तालुक्यातले एक काका दुकानात आले. उभी हयात बोटीवर नोकरी केलेले. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतली माणसं बोटीवर गेली. त्यांच्या ट्रंका उघडल्या की अजून काय काय निघतं! काकांच्या पिशवीतून निघाली ती इटलीत घेतलेली करड्या रंगाची बोर्सालिनो, म्हणजे फेल्टची हॅट. पावसाळाभर ट्रंकेत राहिली होती आणि काठावर रुपयाएवढी पांढरी-हिरवी वर्तुळं उठली होती. मी तेव्हा नुकता गल्ल्यावर बसायला लागलो होतो. "होईल ना काका," म्हणालो. गरम पाण्यात साबण घातला, टोपी खसाखसा चोळली आणि लवकर वाळावी म्हणून बॉयलरजवळ टांगली. सकाळी पाहतो तर करवंटीएवढी झालेली.

काका आले. टोपी हातात घेऊन दोनदा फिरवली. "ठेव तुझ्याकडेच," एवढंच म्हणाले आणि पायऱ्या उतरले. मी पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ती टोपी आजही आमच्या फळीवर आहे. कामाला नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी मी ती त्याच्या हातात देतो.

का आटली, हे समजायला मला वर्ष लागलं. फेल्ट म्हणजे विणलेलं कापड नव्हे. त्याला ताणा नाही, बाणा नाही. आपलं जुनं बुरणूस त्याच्याच जातीचं. लोकरीच्या किंवा सशाच्या केसावर माशासारखे बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि रगडणं ही तिन्ही एकत्र आली की ते खवले एकमेकांत अडकतात, आणि एकदा अडकले की सुटत नाहीत. फेल्ट तयारच मुळी असं होतं. मी अजाणता काकांच्या टोपीचं पुन्हा एकदा फेल्ट केलं होतं.

मग मुंबईला एका म्हाताऱ्या टोपीवाल्याकडे जाऊन बसू लागलो. महिन्यातून दोन दिवस, दोन वर्षं. त्यांनी पहिल्यांदा काही शिकवलं नाही, नुसता ब्रश हातात दिला. टोपीला लव असते, ती कुठल्या दिशेला झोपते हे बोटांना कळेपर्यंत दुसरं काम नाही. कडक राहावी म्हणून टोपीला लाख पाजलेली असते, ती स्पिरिटने सुटते. म्हणून स्पिरिट लावायचं तर आधी आतल्या चामडी पट्टीखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी थेंबभर लावून बघायचं. ब्लीचिंगला तर हातच लावायचा नाही. सुताचं कापड ब्लीचने पांढरं होतं, लोकर मात्र विरघळते. निरोप घेताना त्यांनी मला टोपी चढवून आकार द्यायचे दोन लाकडी कालबूत दिले, एक बावीस इंची आणि एक तेवीस. आज आमच्याकडे चौदा आहेत, पण पहिली वाफ अजून त्या दोघांवरच देतो.

बुरशीबद्दल लोकांचा एक समज पक्का असतो, की ती वरून पुसली की गेली. ओली बुरशी पुसली तर ती फेल्टमध्ये आणखी खोल जाते. म्हणून आमच्याकडे आलेली टोपी आधी नुसती वाळते. उन्हात नाही, सावलीत. आतली पट्टी बाहेर उलटून त्या पट्टीवर टोपी उभी करायची, म्हणजे काठ जमिनीला टेकून वाकडा होत नाही. कोकणात पावसाळ्यात हवेतला ओलावा 85-90 टक्क्यांच्या घरात असतो, आणि बुरशीला साधारण 65-70 पुरतात. नुसतं टांगून ठेवलं तर टोपी वाळत नाही, उलट जास्त बुरसटते. त्यासाठी मागच्या खोलीत हवा कोरडी करणारं यंत्र बसवलं. ऐन आषाढात ते रोज एक बादली पाणी काढतं.

वाळली की बुरशीची भुकटी होते. मग मास्क लावून, मागच्या पडवीत, मऊ ब्रशने एकाच दिशेने झटकायचं. व्हॅक्यूमच्या तोंडाला मलमल बांधून उरलेली धूळ ओढून घ्यायची. त्यानंतर कापसाच्या बोळ्याने पांढरं व्हिनेगर, पाण्यात निम्मं करून, टिपत टिपत. घामाच्या तेलकट डागाला मुलतानी माती रात्रभर. शेवटी केटलीची वाफ. वाफ बसली की दबलेली लव उठते आणि मेलेला रंग जागा होतो. ते बघायला गिऱ्हाईक काउंटरच्या आत येऊन उभं राहतं, आणि मीही कुणाला मागे हटवत नाही. काही डाग मात्र जात नाहीत. बुरशीचा रंग केसात उतरला असेल तर उतरलाच. हे आम्ही पावती फाडायच्या आधी सांगतो.

2005 च्या पुरात दुकानात कमरेएवढं पाणी होतं, पण तेव्हा आमच्याकडे गिऱ्हाइकांच्या टोप्या नव्हत्या. 22 जुलै 2021 ला होत्या. पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि बघता बघता दुकानाच्या पाटीपर्यंत चढलं. आम्ही वरच्या मजल्यावर. खाली लोकांच्या अकरा टोप्या.

पाणी ओसरल्यावर शटर उचललं तेव्हा सगळीकडे गाळ, डिझेलचा वास. टोप्या गाळाच्या गोळ्यांसारख्या. वीज नाही, ऊन नाही. ओल्या लोकरीवर दोन दिवसांत बुरशी धरते आणि एकदम अकरा टोप्या वाळवायला आमच्याकडे कोरडी जागा उरली नव्हती. गाळ ओला आहे तोवरच सुटतो, एकदा वाळला की केसात सिमेंटासारखा बसतो. म्हणून बायकोने आणि मी विहिरीच्या थंड पाण्यात एकेक टोपी नुसती बुडवून उचलली. चोळली नाही, पिळली नाही, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत फक्त बुडवत राहिलो. पुढे काय करायचं हे सुचलं ते तिला. वरच्या गावात तिच्या मावसभावाचं आइस्क्रीमचं दुकान आहे, त्याचा डीप फ्रीझर जनरेटरवर चालू होता. गोठलेल्या वस्तूवर बुरशी वाढत नाही. टोप्या स्वच्छ पंचात गुंडाळल्या, पिशव्यांत घातल्या आणि फ्रीझरमध्ये ठेवल्या. मावसभावाने त्यासाठी आपला माल बाहेर काढून वाटून टाकला. पुढचा दीड महिना आम्ही दोन-दोन टोप्या काढून वाळवत होतो. आठ वाचल्या. ज्या तीन गेल्या त्यांच्या मालकांच्या घरी मी स्वतः गेलो. त्यांचीही घरं चिखलात होती. तरी कुणी वावगं बोललं नाही.

खरं सांगायचं तर धंदा त्या पुरानंतर वाढला. लोक आपापल्या कपाटातली भिजलेली चीज घेऊन येऊ लागले, तेव्हा कळलं की कोकणात टोपी किती तऱ्हेची असते. आजोबांची काळी टोपी, जी आता फक्त श्राद्धाच्या दिवशी फोटोजवळ ठेवतात. बँडवाल्यांच्या टोप्या. हौशी नाटकमंडळाच्या पेटीतल्या साहेबी हॅट. दापोलीकडच्या घरांतल्या लाल तुर्की टोप्या. त्यांचा रंग स्पिरिटला लगेच उतरतो, म्हणून त्यांना फक्त थंड पाणी आणि वाफ, आणि काळा गोंडा आधी उसवून वेगळा ठेवायचा. कसर लागून चाळण झालेली टोपी आम्ही घेत नाही. पट्टी कुजली असेल तर शेजारचे मोचीकाका मेंढीच्या पातळ कातड्याची नवी पट्टी हाताने शिवतात. जुन्याच भोकांतून सुई नेतात, नवं भोक पाडत नाहीत.

फार जुनी परदेशी हॅट आली तर आम्ही जपून असतो. सशाचे केस नीट जमून यावेत म्हणून पूर्वी त्यांना पाऱ्याचं मीठ लावत. त्या कारखान्यांतल्या कामगारांचे हातपाय थरथरत, बोलणं अडखळे. अमेरिकेत हे 1941 मध्ये थांबलं. तो पारा जुन्या टोपीत अजून असू शकतो. म्हणून हातमोजे, उघडी पडवी, आणि बंद खोलीत वाफ कधीच नाही. पोरं कंटाळा करतात, पण या एका गोष्टीत मी ऐकत नाही.

"एवढ्या पैशात नवी येईल की," असं बरेच जण म्हणतात. येईलही. मी वाद घालत नाही, टोपीच्या आत बघायला सांगतो. पट्टीवर घामाचा काळा डाग असतो, कपाळाच्या आकाराचा. तो आम्ही मुद्दाम पूर्ण काढत नाही. विचारतो, ठेवू का? आजवर बहुतेकांनी ठेवा म्हटलंय.

आता मे संपत आला. घराघरांत आगोटीची गडबड आहे, आणि आमच्याकडेही खोकी यायला लागलीत. एक विनंती आहे. टोपी भिजली तर प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून चार दिवसांनी आणू नका. वर्तमानपत्राचे बोळेही आत कोंबू नका, शाई उतरते. जुन्या सुती पंचाचा बोळा घाला, पट्टी बाहेर उलटा, पंख्याच्या वाऱ्यात पण पंख्यासमोर नाही अशी ठेवा आणि जमेल तितक्या लवकर या. दुकान सकाळी नऊला उघडतं. सोमवारी बंद असतं, पण पुराच्या दिवसांत मागचं दार वाजवलंत तरी चालेल.