तुम्ही विचारलंत म्हणून: वाटेल तो अर्थ

"मॅडम, विरचना म्हणजे शेवटी वाटेल तो अर्थ काढायचा, असंच ना?" निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी लग्नात, बँकेच्या रांगेत जुने विद्यार्थी भेटले की हे येतंच. आणि मागोमाग, जरा दबक्या आवाजात: मग तुम्ही आयुष्यभर तेच का शिकवलंत?

नाही हो, असं नाही. विरचना, म्हणजे डीकन्स्ट्रक्शन, ही फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदाची वाचनाची रीत: मजकूर बारकाईनं वाचून त्याच्या आतलेच ताण आणि विसंगती दाखवायच्या. 'मजकुराबाहेर काहीच नाही' हे त्याचं सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य 1976 साली गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्या इंग्रजी भाषांतरातून जगभर गेलं. मूळ फ्रेंचमधला 'ऑर-तेक्स्त' हा छपाईतलाही शब्द आहे: वेगळं छापून पुस्तकात चिकटवलेलं चित्राचं पान. मला ते वाक्य तिथून उमगलं. बाकीच्या पानांचा नियम ज्याला लागू नाही, असं चिकटवलेलं पान कुणालाच मिळत नाही. लेखकाला नाही, वाचणाऱ्यालाही नाही. जग नाही, दुःख नाही असं तो म्हणत नाही. संदर्भाबाहेर काही नाही, असा खुलासा त्यानंच पुढे केला.

1992 मध्ये केंब्रिजनं त्याला मानद पदवी द्यायचं ठरवलं, तेव्हा क्वाइनसारख्या तत्त्वज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून, त्याच्या लिखाणात स्पष्टपणा आणि काटेकोरपणा नाही म्हणत, विरोध केला. मतदान झालं, बाजूनं 336, विरोधात 204, आणि पदवी मिळाली. मी वर्गात तावातावानं म्हणायचे, यातल्या कितीजणांनी त्याला वाचलंय? आज म्हणणार नाही. स्पष्ट लिही असं सांगणं हा गुन्हा नव्हे. आणि 'वाटेल तो अर्थ' ही समजूत पसरवायला आम्ही शिकवणारेही कारण झालो. मी तर नक्कीच.

एम.ए.चा संध्याकाळचा वर्ग होता. विषय पॉल द मान: देरिदाचा मित्र, येलमध्ये शिकवणारा, विरचनेचा अमेरिकेतला मोठा आधार. तो 1983 मध्ये गेला. 1987 मध्ये उघडकीला आलं की तरुणपणी, जर्मनांच्या ताब्यातल्या ब्रुसेल्समध्ये, तो 'ल स्वार' या दैनिकात लिहीत होता. 4 मार्च 1941 च्या लेखाच्या शेवटी तो म्हणतो की ज्यूंची युरोपबाहेर वेगळी वसाहत केली तरी पश्चिमेच्या साहित्याचं फारसं बिघडणार नाही. त्याची झेरॉक्स मी वाटली होती. देरिदानं मित्राच्या त्या वाक्यांना माफी दिली नाही, पण 'दुसरीकडे' म्हणत त्याच लेखात आणखी एक वाट शोधली: लेखाच्या सुरुवातीला 'सवंग' ज्यूद्वेषावर टीका आहे, म्हणजे कदाचित ज्यूद्वेष मुळातच सवंग असतो असंही त्यात वाचता येईल. मी फळ्यावर 'सवंग' लिहून त्यातून दोन बाण काढले. मला ते फार सुंदर वाटत होतं.

मागच्या बाकावर दिवसा नोकरी करून येणारा एक मुलगा बसायचा. आठवड्यापूर्वीच त्याच्या पेपरात 'मजकुराला अर्थ नसतो' या वाक्याखाली लाल रेघ मारून मी लिहिलं होतं, 'मजकुरात दाखवा'. तो झेरॉक्स हातात घेऊन उभा राहिला.

"मॅडम, हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, तर आपण त्याला एवढा वेळ दिला असता का?"

"आधी नीट वाच," मी म्हणाले. आवाज चढला होता.

"वाचलंय, मॅडम. शेवटपर्यंत वाचलंय."

तो बसला. फळ्यावर दोन बाण तसेच होते. मी तास लवकर सोडला.

चांगल्या मार्कांनी पास झाला तो. वर्गात पुन्हा कधी काही विचारलं नाही.

तेव्हाची मी म्हणायची: ज्या देरिदाला वयाच्या 12 व्या वर्षी, 1942 मध्ये, ज्यू म्हणून अल्जिरियातल्या शाळेतून काढलं, तोच जर मित्राचं लिखाण इतक्या धीरानं वाचतो, तर आपण कोण? तिला मी आता विचारते, तो धीर त्याचा होता, त्याच्या मैत्रीतला होता. तू तो उसना का घेतलास? तुझा कोण लागत होता द मान? तू त्याच्या लेखाचं चिकटवलेलं पान केलंस, आणि त्या मुलानं ते बोटानं उचकटून दाखवलं. त्या दिवशी वर्गात विरचना कुणी केली असेल तर त्यानं.

हे लिहिलं खरं, पण लगेच शंका येते की असं म्हणून मी पुन्हा देरिदाचीच बाजू सावरतेय. त्या मुलाच्या प्रश्नाला 'नाही, दिला नसता' एवढंच उत्तर होतं, आणि ते मी त्याला अजून दिलेलं नाही.