२२० पेटाचा एक न्यूट्रिनो

सिसिलीजवळ भूमध्य समुद्रात, साधारण साडेतीन किलोमीटर खोल, केएम३नेट या न्यूट्रिनो टिपणाऱ्या दुर्बिणीचे सेन्सर सोडलेत आणि १३ फेब्रुवारी २०२३ ला त्यातले एक तृतीयांशाहून जास्त सेन्सर एकदम उजळले. कारण काय तर एकच म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, जवळजवळ आडवा गेलेला. म्युऑन तसे दादरला गाडीची वाट बघताना आपल्याही अंगातून जात असतातच, पण हा ज्या बाजूने आला तिकडे मध्ये १४० किलोमीटर खडक आणि पाणी आहे, हवेत तयार झालेला म्युऑन एवढं पार करूच शकत नाही, म्हणजे न्यूट्रिनोच आला, जो सहसा कशालाही न धडकता आरपार जातो, आणि जवळपास कुठेतरी धडकून त्यातून हा निघाला. त्या न्यूट्रिनोची एनर्जी अंदाजे २२० पेटा इलेक्ट्रॉनव्होल्ट (पेटा म्हणजे एकावर पंधरा शून्यं), एलएचसी हे जिनिव्हाजवळचं कण पळवणारं प्रचंड यंत्र एका प्रोटॉनला देतं त्याच्या ३० हजार पट!

फेब्रुवारी २०२५ ला हे 'नेचर'मध्ये आलं आणि थिअरीवाले तुटून पडले. कोणी म्हणतं जड डार्क मॅटरचा, म्हणजे न दिसणाऱ्या पदार्थाचा, कण फुटला, कोणी म्हणतं विश्वाच्या सुरुवातीचं आदिम ब्लॅक होल संपलं. वाचायला जाम मजा येते, पण मला पटतं ते साधं उत्तर, की प्रचंड एनर्जीचा कॉस्मिक रे, म्हणजे अवकाशातून येणारा वेगवान कण, वाटेत बिग बँगपासून उरलेल्या मायक्रोवेव्ह प्रकाशावर आपटला, पायॉन नावाचे अल्पायुषी कण झाले, ते फुटून न्यूट्रिनो. नवीन फिजिक्स काहीच लागत नाही.

अडचण आहे ती आइसक्यूब या दुसऱ्या न्यूट्रिनो दुर्बिणीची. दक्षिण ध्रुवावरचा एक घन किलोमीटर बर्फ, २०११ पासून पूर्ण चालू, आणि त्याला एवढ्या एनर्जीचा एकही दिसलेला नाही. केएम३नेट तेव्हा अर्धवट, सेन्सरच्या फक्त २१ लायनी. मोठं जाळं रिकामं आणि छोट्यात घोळ मासा, असं झालंय. त्यात एनर्जीचा अंदाजही ११० ते ७९० पेटा असा ऐसपैस, त्यामुळे एका इव्हेंटवर डार्क मॅटरचे इमले बांधणं मला घाईचं वाटतं, दुसरा सापडेपर्यंत थांबावं.

आणि हे वाचताना कुलाब्याच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेची आठवण येतेच, कारण १९६५ ला कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरपेक्षा खोल, ओसाका आणि डरहॅमच्या लोकांबरोबर, वातावरणातले न्यूट्रिनो पकडणाऱ्या जगातल्या पहिल्या टीम्समध्ये आपले लोक होते. तमिळनाडूत थेनीला होणाऱ्या आयएनओ या जमिनीखालच्या न्यूट्रिनो प्रयोगशाळेचं काम वेगळ्या, खूप कमी एनर्जीचं आहे मान्य, पण २०१५ ला केंद्राने मंजूर करूनही ते अडकलंय याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्थानिक लोकांच्या शंकांना नीट उत्तरं द्या, वेळ लागू दे, पण ते झालंच पाहिजे.