काकांनी कंपनी बदलली

दसऱ्याच्या दुपारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पक्षांतर झालं. तिसऱ्या मजल्यावरचे काका नवी गाडी घेऊन आले आणि तिच्या नाकावर भलत्याच कंपनीचं चिन्ह होतं. काकूंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, झेंडूचा हार घातला, आणि आम्ही सगळे हातात पेढा धरून त्या चिन्हाकडे बघत राहिलो. कारण काका म्हणजे आधीच्या कंपनीचे बिनपगारी प्रचारक. आजवरच्या सगळ्या गाड्या तिथल्याच. बिल्डिंगमध्ये कोणी गाडी घ्यायचं नुसतं मनात आणलं तरी काका त्याला लिफ्टमध्ये गाठायचे. माझ्या धाकट्या दिरालाही त्यांनीच त्या शोरूमच्या पायऱ्या चढायला लावल्या होत्या.

"अहो काका, हे काय?"

"बस झालं," काका म्हणाले आणि त्यांनी मला वही दाखवली.

ही वही कुठली ते वेगळं सांगायला नको. पुठ्ठ्याच्या कव्हरची, रबर लावलेली, डाव्या बाजूच्या कप्प्यात कागदपत्रांखाली. पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, किलोमीटर आणि शेवटच्या रकान्यात अ‍ॅव्हरेज. ते अ‍ॅव्हरेज बघून पुढे कोणी काही करत नाही, पण लिहायचं. काकांच्या वहीत मात्र अलीकडे एक जास्तीचा रकाना आखलेला दिसला, लाल पेनाने. त्यात ऑइल. अर्धा लिटर, पुन्हा अर्धा लिटर, पुन्हा. गाडी जुनी नाही, धूर सोडत नाही, खाली थेंब गळत नाही, आणि तरी ऑइल पितेय.

आमच्या घरात ही वही बाबांची होती. लहानपणी आमच्याकडे एक सेकंडहँड गाडी होती. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, तिचे भक्त अजून दादरमध्ये राहतात. मे महिन्यात पुण्याला आत्याकडे निघायचं तर तेव्हा एक्सप्रेसवे नव्हता; पनवेल, खोपोली आणि मग बोरघाट. चढ लागला की बाबा बोलायचे बंद. आई पर्समधून नाणं काढून मुठीत धरायची, घाटातल्या देवाला, शिंग्रोबाला टाकायला. बहुतेक वेळा शिंग्रोबाच्या अलीकडेच गाडी आचके द्यायला लागायची. इंजिनच्या धगीने नळीतल्या पेट्रोलचीच वाफ व्हायची आणि पंप बिचारा नुसती वाफ ओढत बसायचा. कार्बुरेटरच्या गाड्यांना हा उन्हाळी आजार असायचाच. बाबा शांतपणे उतरायचे, बॉनेट उघडून त्याला काठी लावायचे आणि मागे न बघता हात पुढे करायचे. त्या हातात आई नॅपकिन द्यायची. फिरकीच्या तांब्यातलं पाणी ओतून तो ओला नॅपकिन फ्युएल पंपावर गुंडाळला की चर्र व्हायचं. मग अर्धा तास सुट्टी. आम्ही कठड्यापाशी बसून पोळीची गुंडाळी खायचो, कोण आधी रेल्वेचा बोगदा शोधतो यावर भांडायचो. तो पिवळा नॅपकिन कितीही धुतला तरी त्याचा पेट्रोलचा वास गेला नाही. आई त्याला घरात दुसऱ्या कशालाही हात लावू द्यायची नाही. तो प्रवासातला नॅपकिन. पापड-लोणच्याच्या पिशवीत त्याची जागा ठरलेली होती.

आणि यात बाबांना कंपनीची चूक कधीच दिसली नाही. चूक उन्हाची, घाटाची, फार तर आत्यासाठी घेतलेल्या कैरीच्या लोणच्याच्या बरण्यांची. वहीत त्या दिवशीच्या नोंदीपुढे "घाटात थोडा आराम" असं लिहिलेलं असायचं.

याला निष्ठा म्हणायची असेल तर म्हणा. मला वाटतं, तेव्हा जायला दुसरीकडे कुठे जागाच नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसाठी नाहीतर अँबॅसेडरसाठी नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की गाडीत पाण्याचा कॅन न ठेवताही घाट चढता येतो. त्या पद्मिनी टॅक्सीही 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. त्या दिवशी ज्यांनी आयुष्यभर त्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर नाक मुरडलं, तेही स्टेटसला फोटो लावून हळवे झाले. असो.

खरी निष्ठा आमच्याकडे एकाच माणसावर होती. परळला पोयबावडीच्या बाजूला गॅरेज असलेल्या मिस्त्रींवर. ते गाडीचं काय झालंय हे बाबांना विचारायचेच नाहीत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बाबाही शेजारी उभे राहून उगीच डोळे मिटायचे. "टॅपेट वाजतायत," मिस्त्री म्हणायचे, की विषय संपला. कोणाची गाडी फारच खडखडायला लागली आणि ती विकायची असेल, तर त्यांच्याकडे एक ठरलेला उपाय होता. "जरा जाड ऑइल घाल. आवाज बसेल."

हे जाड ऑइल मला परवा अवचित पुन्हा भेटलं, थेट अमेरिकेत. काकांच्या वहीने डोक्यात भुंगा सोडला होता म्हणून वाचत बसले होते. जनरल मोटर्सने एप्रिल 2025 मध्ये 6.2 लिटरच्या व्ही-8 इंजिनाच्या सुमारे 6 लाख गाड्या एकट्या अमेरिकेत परत बोलावल्या. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमध्ये दोष, चालत्या गाडीचं इंजिन बसण्याची भीती. तपासणीत नापास झालं तर दुरुस्ती किंवा थेट नवं इंजिन. आणि पास झालं तर? जाड ऑइल. पूर्वी 0डब्ल्यू-20 घालायचे, आता 0डब्ल्यू-40. शिवाय ऑइल फिल्टर नवा आणि ऑइल भरायच्या तोंडाचं झाकणही नवं. आमच्या मिस्त्रींनी झाकणाचे पैसे कधी लावले नाहीत.

टोयोटाचं तर नाव घेतलं की लोक कानाला हात लावतात, इतका तिच्या इंजिनांचा दबदबा. त्याच टोयोटाने मे 2024 मध्ये टुंड्रा पिकअप आणि तिच्याच महागड्या लेक्सस ब्रँडच्या मिळून लाखभर गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या. कारण काय, तर कारखान्यात इंजिनाचे भाग कापता-तासताना निघालेला धातूचा कीस आतच राहून गेला होता. त्याने बेअरिंग जातं आणि इंजिन बसतं. इतकी टर्बो, इतके सेन्सर, आणि शेवटी आडवा आला कीस. पूर्वीची इंजिनं ढिली होती, पेट्रोल प्यायची, पण बरंच काही पचवायची. आता इंजिन लहान, त्याच्याकडून ताकद दुप्पट काढायची, अ‍ॅव्हरेज वाढवायचं, धूर कमी करायचा. म्हणून ऑइल पाण्यासारखं पातळ आणि पिस्टनच्या रिंगा कमी ताणाच्या, घर्षण नको म्हणून. त्या रिंगा जराशा चिकटल्या की ऑइल वर सरकून जळतं. म्हणजे काकांचा लाल रकाना.

तर काका सर्व्हिस सेंटरला गेले. वही घेऊन. तिथे हल्ली आधी कॉफी देतात. मग एक टॅबवाला मुलगा आला, त्याने वहीकडे पाहिलंही नाही. "सर, ये नॉर्मल है." काकांनी मराठीत सांगितलं, मग हिंदीत, मग चिडून इंग्रजीत. तिन्ही भाषांत उत्तर तेच. काकांनी शेवटी ऑइल मोजायची डिपस्टिक ओढून, खिशातल्या चिंधीने पुसून, पुन्हा बुडवून त्याच्या नाकासमोर धरली. खालच्या खुणेला जेमतेम ओल होती. "सर, सगळ्याच गाड्यांचं असं असतं. कंपनीच्या लिमिटमध्ये आहे."

यात तो मुलगा अगदीच खोटं बोलत नव्हता. हजार किलोमीटरला अमुक इतकं ऑइल गेलं तर चालतं, असं काही कंपन्यांच्या पुस्तिकेत छापलेलंच असतं. पण काका म्हणाले ते माझ्या डोक्यातून जात नाही. "गाडी बिघडली त्याचं काही नाही गं. माणूसही बिघडतो. पण मी रविवार-रविवार वाकून लिहिलेलं त्या पोराने वाचलंसुद्धा नाही."

बाबांची गाडी घाटात दरवर्षी बंद पडायची आणि बाबा तिला कधी सोडून गेले नाहीत, कारण परळला एक माणूस कान लावून ऐकत होता.

मला स्वतःला गाड्या परत बोलावणारी कंपनी आवडते, हे माझं एक खूळ आहे. घरात कोणाला पटत नाही. नवरा म्हणतो, ज्या गाडीचं नाव अशा बातमीत आलं ती घ्यायची नाही. मी म्हणते, जिचं कधीच आलं नाही तिच्यात काय दडलंय ते तुला कोण सांगणार? चारचौघांत "आमचं चुकलं, गाडी घेऊन या, फुकट करून देतो" म्हणायला काही तरी लागतं. निदान कायदा तरी लागतो. आपल्याकडे 2012 पासून कंपन्यांनी आपणहून पाळायची एक संहिता होती. 1 एप्रिल 2021 पासून सरकारला सक्ती करता येते आणि दंड 1 कोटीपर्यंत जाऊ शकतो.

कंपन्यांची आपल्यावर निष्ठा किती, तो आणखी वेगळा विषय. शेव्हरोलेने 2017 मध्ये इथली विक्री बंद केली. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये इथले कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमच्या पार्किंगमधली फोर्डची एक इकोस्पोर्ट अजून रोज सकाळी प्रेमाने पुसली जाते, मालकाची काडीची तक्रार नाही. गिऱ्हाईक जागच्या जागी उभं आहे, दुकानदार उठून गेला.

पण गाड्या परत बोलावायच्या त्या सरकारी सक्तीत एक अट आहे, ती वाचून मी थांबले. गाडी 7 वर्षांच्या आतली असली पाहिजे. आणि मला टकाटा आठवली. या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये फुगवायला अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते बिघडायचं. मग एअरबॅग उघडताना आतला धातूचा डबा फुटायचा आणि त्याचे तुकडे समोरच्या माणसात घुसायचे. माणसं मेली त्यात. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, भारतातही बोलावल्या, आणि 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरी पत्करली. अमेरिकेत आधी नंबर लावला तो फ्लोरिडासारख्या दमट भागांचा. दमट म्हणजे काय ते मुंबईत कोणाला सांगायचं. हा दोष जुन्या गाडीत जास्त घातक, आणि जुनी गाडी बहुतेक वेळा पहिल्या मालकाकडे राहिलेली नसते. कंपनीचं पत्र जातं नोंदीतल्या पत्त्यावर. तो माणूस मुलुंडहून ठाण्याला गेलेला असतो, गाडी तिसऱ्याच्या हातात कल्याणला असते.

माझ्या भाच्याने नुकतीच अशी एक गाडी घेतली आहे. टकाटाच्या काळातली, ओएलएक्सवरून, स्वस्तात. काल त्याला मेसेज केला, "आरसीवर चेसिस नंबर असतो बघ, तो पाठव. कंपनीच्या साइटवर टाकून बघते." त्याने गाडीला टेकून, गॉगल लावून काढलेला फोटो पाठवला. मी लिहिलं, "अरे, नंबर." त्यावर अंगठा आला.

आता फोन लावला तर रिंग जातेय, उचलत नाही. गाडी चालवत असेल.