तिने प्यादं घेतलंच नाही

गंगापूर रोडच्या बुद्धिबळाच्या क्लासमध्ये परवा न्यूयॉर्कचा १९१८ चा डाव लावला. क्यूबाचा कापाब्लांका पांढरा, अमेरिकेचा मार्शल काळा. पालकांना जुने डाव म्हणजे टाइमपास वाटतो. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला आणि आता नाशिकमध्ये ज्याला त्याला पोराचं रेटिंग हवंय, तेही दिवाळीच्या आत.

सुरुवात रुय लोपेझ नावाची. आठव्या खेळीला मार्शलने प्यादं डी५ वर ढकललं. मारामारी झाल्यावर ई५ च्या प्याद्यावर दोन मारे, राखण एकच. मी विचारलं, घेणार का? सगळ्यांचे हात वर. अकरा वर्षांची एक मुलगी मात्र म्हणाली, "नाही सर. तो घरून तयारी करून आलाय. मी प्यादं डी३ ला खेळेन."

कापाब्लांकाने घेतलं. पुढे मार्शलचा घोडा जी४ वर, थेट एच३ च्या प्याद्याच्या तोंडात. पोरं ओरडतात, घ्या! घेतला की काळा वजीर एच४ वर आणि राजाचं कल्याण. कापाब्लांकाने वजीर एफ३ ला नेला. एफ२ राखलं, एफ७ वर दाब आला, शिवाय कोपऱ्यातल्या ए८ च्या हत्तीवर मारा. हे शेवटचं पोरांना कधी म्हणून दिसत नाही. मग घोड्याने एफ२ खाल्लं. तो वजिराने मारायचा मोह सोडून हत्ती ई२! इथे मी पटापट पुढे जाऊच शकत नाही. छत्तिसाव्या खेळीला डाव संपला, कापाब्लांका जिंकला.

मार्शलने प्यादं देऊन करायचा हा हल्ला कापाब्लांकासाठी वर्षानुवर्षं दडवून ठेवला होता म्हणतात. त्यावर शंका घेणारे पुष्कळ, पण पोरं खूश होतात म्हणून मीही सांगतो.

तिचं उत्तर मात्र डोक्यातून जात नाही. समोरचा तयारीनिशी आलाय हे ओळखूनच आपण प्यादं घेतलं, असं कापाब्लांकाने स्वतः लिहिलंय. तिनेही तेच ओळखलं आणि नेमकं उलटं ठरवलं. डी३ ने काळ्याला काहीच त्रास नाही, हे खरं. पण पुढे अकराव्या खेळीला घोडा मागे न नेता प्यादं सी६ ला खेळायची पद्धत पडली आणि हा हल्ला आजवर टिकला. बडे ग्रँडमास्टरही आठव्या खेळीला प्यादं ए४ ला खेळून तो टाळतात, त्यांना कोण भित्रं म्हणतं?

तिला न्यायला आलेल्या वडिलांनी गाडीवर बसूनच मोबाइलवर बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा प्रोग्रॅम, लावलं. "सर, हे तर घ्या म्हणतंय. तिला सांगा ना."

"स्पर्धेच्या हॉलमध्ये इंजिन नसतं हो," म्हटलं. पटलं नाही त्यांना.

पुढच्या रविवारी तिला ए४ दाखवणार आहे. बाकीच्यांना अजून जी४ चा घोडाच खायचाय.