तुम्ही विचारलंत म्हणून: फवारलं तरी अळी जिवंत कशी?

"भाऊ, तीन दिन व्हयनात, अळी मरनी नही. दवाई खोटी शे का?"

जुलै-ऑगस्टात माझ्या काउंटरवर हा प्रश्न दिवसातून चार-पाचदा तरी येतो. धुळे तालुक्यात पांझरेकाठी माझं कृषी केंद्र आहे. अळी बहुतेक वेळा मक्याच्या पोंग्यातली, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीतली, लष्करी अळी. औषध नोव्हाल्युरॉन नाहीतर लुफेन्युरॉन. मी दोन वाक्यांत उत्तर देतो, ते कुणाला पटत नाही आणि मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात. म्हणून आज जरा सविस्तर.

बाजारात खोटं औषध नसतंच, असं मी म्हणणार नाही. बिल घेत जा, बाटलीवरची तारीख वाचत जा. पण या जातीच्या औषधाला तिसऱ्या दिवसावरून खोटं ठरवता येत नाही. बाकीची बरीच औषधं अळीच्या नसांवर चालतात, म्हणून ती तासाभरात लुळी पडते. हे औषध अळीच्या पोटात जाऊन तिची कात टाकायची वेळ येईपर्यंत गप्प बसतं.

जूनमध्ये पोराला शिवलेला सदरा दिवाळीला काखेत काचतो, तशी अळीची कातडी तिला दोन-तीन दिवसांत काचायला लागते. डोकं तर टणक कवचाचं, ते तसूभरही वाढत नाही. अंड्यातून निघाल्यापासून कोषात जाईपर्यंत लष्करी अळीच्या साधारण सहा अवस्था होतात आणि प्रत्येक अवस्थेनंतर जुनं अंगावेगळं करावंच लागतं.

हे मी दुकानातच पाहिलं आहे. पेढ्याच्या रिकाम्या डब्यांत एकेक अळी ठेवली होती. एकत्र ठेवली तर एकमेकींना खातात. एका सकाळी एकीने पान सोडलं आणि निपचित पडली. नीट पाहिलं तर डोक्याच्या मागे मान सुजल्यासारखी फुगली होती. ती सूज म्हणजे आत तयार झालेलं नवं डोकं, जुन्या डोक्यात न मावणारं! दुपारी पाठीवर कातडी उकलली, अळी अंगाला पीळ देत पुढे सरकली आणि जुन्या डोक्याचं कवच मुखवट्यासारखं गळून पडलं. नवं डोकं आधी फिकट, मऊ. बघता बघता काळवंडलं. बराच वेळ ती हलली नाही, मग तीच टाकलेली कात खायला लागली.

हे सगळं ठरवतं कोण? पोलंडचे शास्त्रज्ञ स्टेफान कोपेच यांनी 1917 आणि 1922 साली यावर लिहिलं. त्यांनी सुरवंटांना मधोमध दोरा करकचून बांधला. लवकर बांधला तर पुढचा अर्धा भाग कोष झाला, मागचा सुरवंटच राहिला. उशिरा बांधला तर दोन्ही भाग कोष झाले. लवकर मेंदू काढलेले सुरवंट कोषात गेलेच नाहीत. म्हणजे हुकूम मेंदूकडून निघतो, आणि तोही नसांमधून नव्हे, रक्तातून.

पुढे उलगडलं ते असं. मेंदूतल्या मोजक्या पेशी, रेशीमकिड्यात तर फक्त दोन जोड्या, पीटीटीएच नावाचं छोटं प्रथिन सोडतात. ते छातीतल्या ग्रंथीला उठवतं आणि ग्रंथी एक्डायसोन बनवते, म्हणजे कात टाकायला लावणारं संप्रेरक (हार्मोन). 1954 साली बुटेनांट आणि कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी हे एक्डायसोन शुद्ध रूपात मिळवलं. रेशीमकिड्यांचे 500 किलो कोष लागले, हाती आलं 25 मिलिग्रॅम. पाच क्विंटल मालातून चिमूटसुद्धा नाही! मला याहून गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची: या संप्रेरकाचा कच्चा माल अळीला स्वतः बनवता येत नाही, तो तिला पानातूनच मिळतो. तुमचाच मका खाऊन ती तुमच्याच मक्यात वाढायचा हुकूम तयार करते. त्या वेळी रक्तात बालसंप्रेरक भरपूर असेल तर कात टाकून पुन्हा अळीच होते, नसेल तर कोषाकडे वळते.

एक्डायसोन चढलं की कातडीखालच्या पेशी जुन्या कवचापासून सुटतात आणि खाली नवं कवच विणू लागतात. पण प्रत्यक्ष कात टाकायला ते पुन्हा उतरावं लागतं. उतरलं की श्वासनळ्यांजवळच्या पेशींतून दुसरं एक छोटं प्रथिन सुटतं, मेंदूतून तिसरं, आणि अंगाला ते पीळ पडायला लागतात. शेवटी बर्सिकॉन येतं, नवं कवच टणक करणारं.

आता औषधाकडे. कंपनीची पोरं याला 'हार्मोनचं औषध' म्हणून खपवतात, ते चूक आहे. नोव्हाल्युरॉन-लुफेन्युरॉन हुकुमाला हात लावत नाहीत. ते नव्या कवचातलं कायटिन, म्हणजे कवचाला बळ देणारा पदार्थ, बनू देत नाहीत. हुकूम वेळेवर येतो, अळी जोर करते आणि कच्चं कवच फाटतं, किंवा ती जुन्यातच अडकते. मेथॉक्सिफेनोझाइड हे दुसरं औषध मात्र खरोखर एक्डायसोनची नक्कल करतं. अळी काही तासांत खाणं सोडते, अवेळी कात टाकायला लागते, पण नक्कल उतरतच नाही, म्हणून पुढचा हुकूम सुटत नाही. अशी अळी दोन डोक्यांची दिसते, जुनं गळालेलं नाही आणि नवं बाहेर आलेलं नाही.

म्हणून फवारणी अळी लहान असताना करा. लहान अळी लवकर लवकर कात टाकते आणि तोवर खाते तरी किती! बोटाएवढी झालेली अळी मरेपर्यंत पोंगा फस्त करते. तेव्हा हे औषध मागू नका, मीही देणार नाही.

नाल्यातल्या खेकड्याचंही असंच, पण उलटं. कात टाकायचं संप्रेरक त्याच घराण्यातलं. 1966 साली क्रेफिश नावाच्या कवचवाल्या जलचरातून जे काढलं ते किड्यातलंच निघालं. पण किड्याचा मेंदू गाडी सुरू करतो, तर खेकड्याच्या डोळ्याच्या देठातली ग्रंथी सतत ब्रेक दाबून धरते. ब्रेक सुटला की कात. देठ कापलेले खेकडे लवकर कात टाकतात, हे झेलेनी या प्राणिशास्त्रज्ञाने 1905 सालीच नोंदवलं होतं. कवच मात्र दोघांचंही कायटिनचंच.

मागच्या हंगामात एक आबा तावातावाने बाटली घेऊन आले. त्यांना मी दोन डब्या दिल्या आणि शेतातल्याच अळ्या ठेवायला सांगितल्या. पाचव्या दिवशी परत आले. एकीची कात अर्धी निघालेली, अंग काळं पडलेलं. दुसरी धडधाकट. "ही का नही मरनी?" कारण तिच्या पोंग्यात फवारा पोचलाच नव्हता, नोझल वरून फिरवलं होतं. ते त्यांनी मान्य केलं. मग मी विचारलं, "आबा, पंप कुठे धुतला?"

"कोठे म्हणजे? नालामा."